नांगर धरला का

एकोणीस वर्षांपूर्वी लेरॉसच्या गोदीतून घेतली ही नाव,
नऊ मीटरची. आधीच्या मालकाच्या मुलीचं नाव नाळेवर:
ख्रिसूला.
स्ट्रातिस तेव्हा म्हणाला होता, बदलू या.
राहून गेलं. ख्रिसूला कोण, कुठं नांदते,
आम्हाला अजून ठाऊक नाही.
पण दर जूनमध्ये तिच्या अक्षरांवरून
निळ्या रंगाचा हात फिरवते ती मीच.

यंदा त्याचा डावा कान गेला. उजवा निघालाय.
डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली,
डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली.
मला वाटलं, ही तर खाडी आहे कुठली तरी,
किनाऱ्यापासून पाणी खोल होत गेलेलं.

म्हणून हा उन्हाळा आम्ही हातांनी बोललो.
तो पुढं नांगरापाशी, मी मागं सुकाणूवर.
माझी बोटं: पाच वाव, चार वाव, तीन.
त्याचा अंगठा: मागं घे, अजून मागं.
मूठ: थांब.
आधी आम्ही ओरडायचो.
आर्कीच्या बंदराला आमचा संसार तोंडपाठ होता,
कोण आंधळं, कुणाच्या आईनं काय शिकवलं नाही,
सगळं.
खानावळवाली मारुलिओ यंदा कॅपर्सची बरणी घेऊन
धक्क्यावर आली, मला बाजूला ओढून म्हणाली,
"काय बिनसलं गं, आर्गिरो?
तुमचा आवाजच नाही."

लिप्सीला शिडाची शिवण उसवली, तीन दिवस टाके घातले.
पुढं वारा इतका पडला
की सिगारेटचा धूर सरळ डोलकाठीला धरून वर गेला.
आम्ही पाण्यात उतरलो, नावेला हातानं धरून तरंगलो,
जशी ती पोहायला शिकतेय आणि आम्ही तिचे कोणी.
मग ऑगस्ट आला, मेल्तेमी आला.

किनारोसच्या घळीत सहावी रात्र.
वर कड्यावर शेळ्यांची घुंगरं, तीही वाऱ्यानं उलटसुलट.
दोन वाजता मी ऐकलं:
साखळी खडकावर दात खात होती.
या आवाजावर हा माणूस चाळीस वर्षं
गाढ झोपेतून ताडकन उठत आलाय,
आणि आता माझ्या शेजारी घोरत होता,
पोरासारखा.
मी लगेच उठवलं नाही. का, ते विचारू नका.
ऐकत राहिले, त्याच्या वाटचं.

मग हलवलं.
तो अनवाणी पुढं गेला, ताणलेल्या साखळीवर तळवा ठेवून बसला,
वैद्यानं नाडी धरावी तसा.
घसरत होता.
नांगर खरोखरीचाच नांगर झाला होता,
वाळूत तास काढत चालला होता खडकाच्या दिशेनं.
अंधारात बोटं दिसेनात.
सुकाणू सोडून दोनदा पळाले पुढं,
त्याच्या पाठीवर आकडे काढले:
तीन. दोन.
पाठीनं वाचले त्यानं.
साखळी सोडली, वीस मीटर, अजून दहा,
आणि एका कुठल्या तरी कपारीत
लोखंड बसलं.
मला ते पायांना कळलं. त्याला हाताला.

त्यानंतर झोप कुणाला येणार.
ओल्या फळीवर टेकून बसलो, एका घोंगडीत.
पलीकडे दोन होड्या, काळ्या, आपापल्या दोरांशी झुंजणाऱ्या.
वारा मध्येच श्वास घ्यायला थांबला,
आणि त्याच नेमक्या क्षणी
स्ट्रातिस माझ्या कानाशी वाकून कुजबुजला.
म्हणजे त्याला वाटलं, कुजबुजला:

"थंडी वाजतेय का गं तुला, माझे सोने?"

कड्यावरून ते परत आलं, सोने, सोने.
शेळ्या गप्प झाल्या.
एका होडीत दिवा लागला. मग दुसरीत.
कुणी तरी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

मूठ त्याच्या हातात देता आली असती मला.
दिली नाही.